कॉमेंट कोडशी ताडून पाहणे हे अभियंत्याचेच काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांचे पॅच, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये सुचवलेले बदल, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्वीकारले गेल्याची बातमी आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत वाचली. चादर-टॉवेलच्या गावातील मुले जगभर चालणाऱ्या प्रणालीच्या कोडपर्यंत पोहोचतात, याचा मला इतर वाचकांइतकाच आनंद झाला. मात्र हे पॅच ग्राफिक्स डिस्प्ले ड्रायव्हरमधील कॉमेंटच्या, म्हणजे कोडशेजारी माणसांसाठी लिहिलेल्या टिपांच्या, दुरुस्तीचे होते, प्रत्यक्ष कोडला त्यांत हात लावलेला नव्हता आणि त्यामुळे ते काम तुलनेने सोपे होते, अशा आशयाचे जे विवेचन बातमीत आले आहे, त्याने वाचकांचा आणि विशेषतः विद्यार्थ्यांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. यात दोष बातमीदाराचा नाही. आमच्या क्षेत्रातील जाणती माणसेही असेच बोलतात, आणि म्हणूनच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

मी शहरात संगणक अभियांत्रिकी शिकवतो. कर्नलच्या ग्राफिक्स विभागात ज्या विद्यार्थ्यांना काम करायचे असते, त्यांचे पॅच बाहेर जाण्यापूर्वी एकदा वाचून देण्याची जबाबदारी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ड्रायव्हरच्या कॉमेंटची तपासणी करणाऱ्याला तो ड्रायव्हर समजावाच लागतो. समजला नाही तर त्याची तपासणी ही स्वाक्षरीपुरती उरते.

सर्वसाधारण वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. आपल्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते स्मृतीच्या एका भागात आधी तयार झालेले असते. त्याला फ्रेमबफर म्हणतात. तेथून ते चित्र ठरलेल्या वेगाने उचलून केबलमार्गे मॉनिटरकडे पाठवण्याचे काम ग्राफिक्सचे हार्डवेअर करते, आणि त्या हार्डवेअरला काय, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे सांगणारा कोड म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर. लिनक्समध्ये आता हे बहुतेक ड्रायव्हर डीआरएम, म्हणजे डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, या विभागात येतात. त्यात प्लेन, सीआरटीसी, एन्कोडर, कनेक्टर अशी ठरलेली घटकनावे आहेत. त्यांतील सीआरटीसी हे नाव जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळातले असून, ट्यूब केव्हाच भंगारात गेली तरी नाव मात्र अजून चालू आहे. इंटेल, एएमडी यांसारख्या कंपन्यांचे अभियंते, स्वतंत्रपणे काम करणारे लोक आणि विद्यार्थी, असे सगळे एकाच कोडवर काम करत असल्यामुळे एकाने लिहिलेले फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दुसऱ्याने, त्याला कधी न भेटता, बिनचूक वापरावे लागते. त्या दोघांच्या मध्ये जो दुवा असतो तो म्हणजे फंक्शनच्या डोक्यावर लिहिलेली कॉमेंट.

या कॉमेंटचा साचा ठरलेला आहे. तिची सुरुवात /** या खुणेने होते. पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव आणि त्याचा एका वाक्यातील परिचय, त्यानंतर @ या खुणेने प्रत्येक पॅरामीटरचे, म्हणजे फंक्शनला पुरवायच्या माहितीचे, वर्णन, मग ते फंक्शन कोणत्या परिस्थितीत बोलवावे आणि ते काय परत करते, याची माहिती असते. कर्नलबरोबर येणारे कर्नल-डॉक नावाचे साधन या कॉमेंट वाचून त्यांतून दस्तऐवजाची पाने तयार करते. २०१६ मध्ये कर्नलच्या ४.८ या आवृत्तीपासून डॉकबुकची जुनी पद्धत मागे पडून स्फिंक्सची पद्धत आली, तेव्हा त्या बदलाचा बराचसा भार ग्राफिक्स विभागातील लोकांनीच उचलला होता. साहजिकच या विभागात कॉमेंटकडे इतर अनेक विभागांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाहिले जाते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कर्नल बिल्ड करताना इशाऱ्यांची पातळी वाढवली की हे साधन तक्रारी करू लागते. अमुक पॅरामीटरचे वर्णन नाही, कॉमेंटमध्ये लिहिलेला तमुक पॅरामीटर फंक्शनमध्ये अस्तित्वातच नाही, कॉमेंटमध्ये एक नाव आणि खाली फंक्शन दुसऱ्याच नावाचे आहे, अशा त्या तक्रारी असतात. नवख्या विद्यार्थ्याला हे फार सोयीचे वाटते, कारण काय दुरुस्त करायचे ते यंत्रच सांगते. परंतु कॉमेंटमध्ये काही लिहिले आहे की नाही एवढेच हे साधन पाहू शकते. लिहिलेले खरे आहे की खोटे हे त्याला कळत नाही. 'लॉक' नावाच्या पॅरामीटरपुढे 'हा लॉक आहे' असे लिहिले की इशारा बंद होतो आणि वाचणाऱ्याच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही. त्याही पुढे जाऊन, तो लॉक, म्हणजे एका वेळी एकानेच माहितीला हात लावावा म्हणून कोडने घ्यायचे कुलूप, कोणी घ्यायचा याविषयी चुकीचे लिहिले तरीसुद्धा इशारा बंदच होतो, आणि येथे मात्र नुकसान होते, कारण कॉमेंट नसलेल्या ठिकाणी माणूस झक मारत कोड वाचतो, तर व्यवस्थित मांडलेली कॉमेंट दिसली की तिच्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. आपल्याकडे यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रपाळीच्या जॉबरने बंद मागाविषयी काहीच लिहून ठेवले नाही तर दिवसपाळीचा माणूस माग उघडून पाहतो. 'ताणा ठीक आहे' असे खोटे लिहून ठेवले तर तो तसाच चालू करतो आणि पुढचे सगळे कापड बिघडते.

एक उदाहरण जवळून पाहू. पडद्याच्या एखाद्या मोडचे, म्हणजे चित्राचा आकार आणि वेग यांच्या जोडीचे, वर्णन करणारे एक स्ट्रक्चर (माहितीची ठरलेली चौकट) डीआरएममध्ये आहे. आज घरोघरी असलेल्या १९२० बाय १०८० च्या पडद्याचा नेहमीचा मोड घेतला, तर प्रत्यक्ष दिसणाऱ्या १९२० पिक्सेलऐवजी एका ओळीची एकूण लांबी २२०० धरलेली असते आणि १०८० ओळींऐवजी एकूण ११२५ ओळी असतात. उरलेली जागा पडद्यावर दिसत नाही. सिग्नलला ओळीच्या आणि फ्रेमच्या सुरुवातीला परत येण्यासाठी ती राखलेली असते. २२०० गुणिले ११२५ गुणिले सेकंदातील ६० फ्रेम असे केले की सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल होतात, म्हणजेच पिक्सेल क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्‌झ. स्ट्रक्चरमध्ये मात्र ही संख्या १४८५०० अशी साठवलेली असते, कारण तेथील एकक किलोहर्ट्‌झ आहे, आणि हे एकक कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. ते 'किलोहर्ट्‌झमध्ये' हे दोन शब्दांएवढे स्पष्टीकरण काढून टाका, किंवा त्या जागी चुकून केवळ हर्ट्‌झ लिहा. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर काही बोलणार नाही, कर्नल-डॉक काही बोलणार नाही, शुद्धलेखन तपासणाराही काही बोलणार नाही. नव्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिणारा अभियंता मात्र हजारपट चुकीची संख्या घड्याळाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या सेटिंगच्या कप्प्यात, घालील आणि पडदा काळा का राहतो याचा शोध केबलपासून सुरू करील. हे दोन शब्द बरोबर आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी तपासणाऱ्याला वरचा गुणाकार मांडता आला पाहिजे. याला व्याकरणाची तपासणी कसे म्हणायचे?

दुसरे उदाहरण फंक्शन काय परत करते याविषयीचे आहे, आणि माझ्या मते तपासणाऱ्याने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. सी भाषेत लिहिलेल्या कर्नलमध्ये काम यशस्वी झाले की शून्य आणि बिघडले की ऋण संख्या परत करण्याची पद्धत आहे, तर खरे-खोटे सांगणाऱ्या फंक्शनमध्ये शून्याचा अर्थ 'नाही' असा होतो. 'यशस्वी झाल्यास ट्रू परत करते' असे वाक्य शून्य परत करणाऱ्या फंक्शनवर लिहिले गेले, की त्या कॉमेंटवर विसंबणारा कोड नेमका उलटा चालतो. हा झाला ढोबळ प्रकार. बारीक प्रकार असा की, सगळे बदल एकदम लागू करण्याच्या अॅटॉमिक पद्धतीत पडद्याची नवी मांडणी प्रत्यक्ष लागू करण्यापूर्वी ती शक्य आहे का हे ड्रायव्हरला आधी विचारले जाते. या विचारणीच्या फंक्शनविषयी दस्तऐवजात असे लिहिले आहे की, सर्व ठीक असल्यास शून्य, ती मांडणी हार्डवेअरला पेलत नसल्यास ई-इनव्हॅल, स्मृती कमी पडल्यास ई-नोमेम आणि लॉक घेताना कोंडी झाल्यास ई-डेडलॉक परत करावे. या चौथ्या उत्तराला विशेष महत्त्व आहे. ते मिळाले की कॉल करणारा कोड आपण धरलेले लॉक सोडून देतो, थांबतो आणि सगळी विचारणा पुन्हा पहिल्यापासून करतो. म्हणजे हे उत्तर अपयशाचे नसून 'थोडे मागे सरून पुन्हा या' असे सांगणारे आहे. कॉमेंट 'सुटसुटीत' करण्याच्या भरात एखाद्याने 'शून्य किंवा ऋण एरर परत करते' एवढेच ठेवले, तर ते वाक्य खोटे नाही. तरीही ते वाचून ड्रायव्हर लिहिणारा माणूस आतून आलेली प्रत्येक एरर ई-इनव्हॅल करून वर पाठवू शकतो, आणि मग विनाकारण 'हा मोड चालत नाही' असे उत्तर अधूनमधून, कोणत्याही नियमाशिवाय, वापरकर्त्याला मिळू लागते. असा बग शोधायला बसलेल्या माणसाची मला खरोखर कीव येते.

लॉकविषयी अजून थोडे लिहायला हवे. वर सांगितलेल्या मोडमध्ये ११२५ पैकी ४५ ओळी उभ्या दिशेने अदृश्य असतात, आणि त्या पार पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. या अवकाशाला व्हीब्लँक म्हणतात. चित्र अर्धे जुने आणि अर्धे नवे दिसू नये म्हणून अदलाबदल याच फटीत उरकावी लागते, आणि ती झाल्याचे प्रोग्रॅमला कळवण्यासाठी एक फंक्शन आहे. ते बोलवणाऱ्याने इव्हेंट लॉक आधीच धरलेला असला पाहिजे, असे त्याच्यावरच्या कॉमेंटमध्ये म्हटले आहे. हे विधान तपासायचे तर त्या फंक्शनच्या आत बोलावलेल्या फंक्शनपर्यंत उतरावे लागते. तेथे तो लॉक खरोखर धरलेला आहे का हे पाहणारी एक ओळ सापडते आणि मग कॉमेंटवर विश्वास ठेवता येतो. याच फंक्शनच्या शेजारी त्याचे एक भावंड आहे, जे ही सूचना लगेच न पाठवता पुढच्या व्हीब्लँकसाठी तयार ठेवते. त्याचा कोड जेमतेम काही ओळींचा आणि कॉमेंट मात्र त्याच्या कितीतरी पट लांब आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा पसारा वाटतो. परंतु कोणत्या हार्डवेअरवर ते वापरणे सुरक्षित आहे, रजिस्टर लिहिणे आणि व्हीब्लँक येणे यांच्यात शर्यत लागली तर काय होते, आणि ती टाळण्यासाठी ड्रायव्हरने कोणत्या अटी पाळाव्यात, हे त्या कोडच्या ओळींमधून कोणालाही कधीच कळणार नाही. ते फक्त कॉमेंटच सांगू शकते. अशा कॉमेंटमधला एक 'आधी' जाऊन तेथे 'नंतर' आला, तर तो पकडायला व्हीब्लँक म्हणजे काय हे पक्के ठाऊक असलेलाच माणूस लागतो.

फंक्शन ज्याचा ताबा देते ती वस्तू परत कोणी करायची, हाही असाच एक विषय. क्रमांकावरून फ्रेमबफर शोधून देणारे फंक्शन त्याचा एक संदर्भ (वापरात असल्याची नोंद) वाढवून देते आणि वापर संपल्यावर तो सोडणे कॉल करणाऱ्याकडे असते. कॉमेंटमध्ये ते नोंदलेले आहे. १९२० बाय १०८० चे, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरलेले चित्र ८२ लाख ९४ हजार ४०० बाइट घेते. कॉमेंटमधील ती एक ओळ गाळली गेली तर प्रत्येक विसरभोळ्या कॉलमागे सुमारे आठ मेगाबाइट अडकून पडतात.

आता शहरातील स्थितीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. येथील एका महाविद्यालयात, ज्याचे नाव मी घेत नाही, स्वीकारल्या गेलेल्या पॅचच्या संख्येवर प्रकल्पाचे गुण देण्याची पद्धत सुरू झाली आहे. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. मुलांनी कर्नल-डॉकच्या इशाऱ्यांची यादी काढली, ती आपापसांत वाटून घेतली आणि इशारा बंद करण्याचा जो सर्वांत स्वस्त मार्ग होता तो धरला. तो मार्ग म्हणजे कॉमेंटच्या सुरुवातीच्या दोन ताऱ्यांपैकी एक तारा काढून टाकणे. एक तारा गेला की ती कॉमेंट दस्तऐवजाची उरत नाही, साधन तिच्याकडे पाहतच नाही आणि इशारा नाहीसा होतो. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हा मार्ग मुळात बेकायदा नाही. एएमडीच्या डिस्प्ले ड्रायव्हरचा डीसी म्हणून ओळखला जाणारा मोठा भाग, २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या रचनेवरून विभागाचे मेंटेनर, म्हणजे बदल स्वीकारायचे की नाही हे ठरवणारे, डेव्ह एअरली यांनी नाकारल्यानंतर आणि पुष्कळ फेरबदल झाल्यावर, २०१८ च्या जानेवारीत प्रकाशित झालेल्या ४.१५ या आवृत्तीत दाखल झाला. तो कोड इतर ऑपरेटिंग सिस्टिमसाठीही वापरला जात असल्याने कर्नलच्या साच्यात न बसणाऱ्या कॉमेंट त्यात पुष्कळ होत्या. पुढे ग्राफिक्स विभागातील इशाऱ्यांची मोठी साफसफाई झाली तेव्हा अशा कित्येक कॉमेंटचा एक तारा काढून त्यांना साध्या कॉमेंट केले गेले, आणि ज्या कॉमेंट दस्तऐवजासाठी लिहिल्याच नव्हत्या त्यांच्या बाबतीत ते योग्यच होते.

प्रश्न आहे तो दोन्हींतील फरक ओळखण्याचा. एखाद्या फाइलमधील फंक्शन बाहेरच्या ड्रायव्हरना वापरण्यासाठी खुले केले असेल, तर त्याच्या कॉमेंटचा तारा काढणे म्हणजे दस्तऐवजातून एक पान फाडणे होय. तेथे राहिलेल्या पॅरामीटरचे वर्णन शोधून लिहिणे हेच काम आहे, मग त्याला दुपार लागो वा आठवडा. फंक्शन त्याच फाइलपुरते असेल आणि कॉमेंट दोन ओळींची असेल, तर तारा काढला म्हणून काही बिघडत नाही. हा निर्णय घेण्यासाठी विद्यार्थ्याने ते फंक्शन कोठून कोठून बोलावले जाते हे पाहणे आणि तपासणाऱ्याने 'हे पाहिलेस का?' असे विचारणे, एवढे तरी घडले पाहिजे. संख्येवर गुण ठेवले की हे दोन्ही प्रश्न कोणालाच परवडत नाहीत. अशा पॅचचा ढीग मेंटेनरपुढे पडतो तेव्हा तो स्वतःच्या वेळात, बहुधा विनामोबदला, ते वाचत बसतो आणि पुढच्या वेळी त्याच पत्त्यावरून आलेल्या चांगल्या पॅचकडेही संशयाने पाहतो, ही गोष्ट गुणपत्रिकेत दिसत नाही.

यात अलीकडे आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला फंक्शन दाखवून कॉमेंट लिहून घेतली जाते. इंग्रजी निर्दोष असते, साचा बिनचूक असतो, आणि मजकूर बहुतेक वेळा फंक्शनच्या नावाचाच विस्तार असतो: प्लेन अद्ययावत करणारे फंक्शन 'दिलेले प्लेन अद्ययावत करते'. ही साधने वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु संक्षेपांच्या बाबतीत ती बेधडक अंदाज करतात आणि डिस्प्ले ड्रायव्हर तर संक्षेपांनी भरलेले असतात. एएमडीच्या डिस्प्ले कोडमध्ये त्यांची इतकी गर्दी आहे की, त्यांच्या दस्तऐवजात संक्षेपांचा स्वतंत्र कोशच द्यावा लागला. मोबाइलच्या दुकानात ओटीजी म्हटले की पेनड्राइव्ह जोडण्याची वायर पुढे येते. त्या ड्रायव्हरमध्ये मात्र ओटीजी हा चित्राच्या वेळा आखून देणारा हार्डवेअरचा भाग आहे. तपासणाऱ्याने कोश उघडला नाही तर वायरीचे वर्णन सुवाच्य इंग्रजीत पुढे जाऊ शकते.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे म्हणून, आपल्या वाचकांपैकी अनेक पालकांना लागू पडणारी एक गोष्ट सांगतो. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजी, अशी स्थिती असते. अक्कलकोटकडच्या मुलांच्या बाबतीत तेलुगूच्या जागी कन्नड येते. डॉक्युमेंटेशन म्हटले की ही मुले मागच्या बाकावर सरकतात, कारण ते 'इंग्रजी चांगले असणाऱ्यांचे' काम आहे असे त्यांच्या मनावर ठसलेले असते. प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या कॉमेंटची भाषा साधी, लहान वाक्यांची आणि ठरावीक शब्दांची आहे. दोन महिने नियमित वाचले तर कोणालाही ती लिहिता येते, आणि वाक्यरचना कोठे अडखळलीच तर दुसरा कोणी ती सुधारून देतो. फंक्शन झोपू शकते की नाही, म्हणजे वाट पाहत थांबण्याची त्याला मुभा आहे की नाही, हे मात्र दुसरा कोणी सांगणार नाही. व्हीब्लँकच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेसरशी, चालणाऱ्या कोडला थांबण्याची मुभा नसते, आणि 'कोठूनही बोलवता येते' असे लिहिलेल्या फंक्शनच्या पोटात वाट पाहायला लावणारा म्युटेक्स जातीचा लॉक लपलेला असेल, तर ते दाखवून देणारा विद्यार्थी इंग्रजीत अडखळत असला तरी माझ्या लेखी उत्तम तपासनीस आहे. मी पाहिलेल्या तपासण्यांपैकी नेमक्या तपासण्या बहुधा अशाच मुलांनी केल्या आहेत. वाक्य गोड लागले म्हणून ती त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

साधनसामग्री नाही ही सबबही येथे फारशी टिकणारी नाही. महागडे ग्राफिक्स कार्ड सोलापूरच्या प्रयोगशाळांत नसेल, तर नसू द्यावे. २०१८ मध्ये कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीपासून व्हीकेएमएस नावाचा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर उपलब्ध आहे. त्याला कोणतेही कार्ड किंवा मॉनिटर लागत नाही, तो साध्या संगणकावरील आभासी यंत्रात चालतो, आणि आकाराने लहान असल्यामुळे एका सत्रात पूर्ण वाचून होतो. डीआरएमच्या दस्तऐवजात करावयाच्या कामांची यादीही दिलेली आहे आणि प्रत्येक कामापुढे ते नवशिक्याचे आहे, मधल्या पातळीचे आहे की अनुभवी माणसाचे, हे नोंदलेले आहे. ज्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांसाठी विषय हवे असतील त्यांनी इशाऱ्यांची यादी वाटण्याऐवजी ही यादी वाटावी.

माझी सूचना अगदी मर्यादित आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात पॅचच्या संख्येला गुण देणे बंद करावे आणि त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या एका कॉमेंट-पॅचची लेखी तपासणी सादर करावी. त्यात कॉमेंटमधील प्रत्येक विधानासमोर ते कोडच्या कोणत्या ओळीवरून खरे ठरते हे लिहावे, आणि जे विधान कोडवरून ठरवता आले नाही ते तसे नोंदवावे. दोन पानांत हे मावते. तोंडी परीक्षेत परीक्षकाला त्यावर विचारायला भरपूर मिळते आणि दुसऱ्याची तपासणी उतरवून आणलेला विद्यार्थी तिसऱ्या प्रश्नाला थांबतो. कर्नलमध्ये तपासणाऱ्याचे नाव 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून पॅचबरोबर कायमचे नोंदले जाते, आणि हे नाव देणे म्हणजे आपण तांत्रिक तपासणी केली आहे व हा बदल स्वीकारण्याजोगा आहे असे आपले मत आहे, याचे जाहीर विधान समजले जाते. लेखकाच्या नावाइतकेच हे नावही नोकरीच्या मुलाखतीत दाखवण्याजोगे आहे, हे आमच्या प्लेसमेंट विभागांना अजून उमगलेले दिसत नाही. पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन खोली घेण्यापूर्वी, येथे घरी बसून मिळवता येणारी ही नोंद आहे.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. यापुढे अशा विद्यार्थ्यांची बातमी देताना पॅच किती स्वीकारले गेले याऐवजी एखाद्या पॅचचा तपशील द्यावा: कॉमेंटमध्ये आधी काय लिहिले होते, कोड प्रत्यक्षात काय करत होता आणि विद्यार्थ्याला ते कशावरून कळले. वाचकांना ते समजणार नाही अशी शंका आपल्या संपादक मंडळाला असल्यास, पहिल्या बातमीचा मजकूर सोपा करून देण्यास मी तयार आहे.

कळावे,

आपला,
संगणक अभियांत्रिकीचा एक अध्यापक,
सोलापूर